तीनदा धुतलेला डबा

९ जानेवारी

दादा,

नमस्कार, आणि आधीच सांगते, हे पत्र कामाचं आहे. फोन केला असता, पण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ते तू कबूलही करत नाहीस. मागच्या वेळी मी वहिनीच्या तब्येतीची चौकशी केली, तर तू म्हणालास, "मंगळवारी."

तू सगळ्यांना सांगत फिरतोस की आमची चिंगी तेलाचा वास घेण्याची नोकरी करते. मी वास घेत नाही. आमच्या प्रयोगशाळेत बसचं, जनरेटरचं, बोटीचं वापरलेलं तेल येतं. यंत्र त्याच्या थेंबावर ठिणगी पाडतं आणि त्या उजेडावरून कुठला धातू किती आहे ते आकड्यात सांगतं. पण त्या यंत्राला आधी शून्य दाखवावं लागतं. त्यासाठी असं तेल लागतं की ज्यात कोणी काहीही घातलेलं नाही. ते तयार बाटलीत मिळतं, आणि आमचा पुरवठादार तीन महिने 'पुढच्या आठवड्यात' म्हणतोय. आमच्या बाटलीत आता तळाला चार बोटं तेल उरलंय.

तुमच्या तेलाच्या कारखान्यात तर बेस ऑइलच्या टाक्याच्या टाक्या आहेत. ॲडिटिव्ह पडायच्या आधीचं, कोरं तेल. त्यातलं पाच लिटर मिळेल का? चोरून नको, तुमच्या साहेबांना विचारून. आमच्या साहेबांचं पत्र सोबत जोडलंय.

घाई का, तर फेरीबोट. तिच्या इंजिनाच्या बेअरिंगवर चांदीचा मुलामा आहे. नेहमीच्या इंजिन ऑइलमध्ये झीज होऊ नये म्हणून झिंक घालतात. बसला ते औषध आहे, या चांदीला विष. बोटीच्या तेलात झिंक दहा लाख भागांत दहाच्या वर निघालं की बोट उभी करायची असा नियम आहे, आणि दर पंधरा दिवसांनी तो आकडा माझ्या सहीने जातो. माझं शून्यच डळमळीत असेल तर त्या सहीला काय अर्थ?

तुझी,
चिंगी


२० जानेवारी

चि. चिंगी,

अनेक आशीर्वाद. मंगळवारी डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मी मंगळवार म्हणालो. मला ऐकू येतं.

तुझं पत्र साहेबांना दाखवलं. ते हसले, पण सही केली. एकतीस वर्षांत लोक माझ्याकडे काय काय मागायला आले. हे घातलेलं द्या, ते जास्त घातलेलं द्या. काहीच न घातलेलं द्या म्हणणारी तू पहिलीच. मला त्या तेलाची जरा दयाच आली. बिचारं कोणाच्याच उपयोगाचं नाही, आणि तुझ्याकडे त्याला एवढा मान.

पाच लिटरचा डबा पाठवतोय. बहिणीकडे जायचा डबा म्हणून कोणाच्या हातात दिला नाही, मी स्वतः धुतला. आमच्याकडे एकदा धुतात, मी तीनदा धुतला. आतून बघशील तर तोंड दिसेल. नंतर मोठ्या टाकीतून समोर उभा राहून भरला, झाकण लावलं, वरून मेण ओतलं. एवढं करून यंत्र कुरकुरलं तर दोष यंत्राचा.

वहिनी बरी आहे. गुडघे माझे दुखतात, पण त्याबद्दल कोणी विचारत नाही.

तुझा,
दादा


३ फेब्रुवारी

दादा,

गुडघे कसे आहेत? बघ, विचारलं.

डबा पोचला. काय तेल आहे. शून्य इतकं स्थिर लागलं की साहेब खुर्ची ओढून यंत्रापाशी बसले. आता पुरवठादाराला दारात उभं करायचं नाही असं त्यांनी जाहीर केलंय.

एक गंमत झाली. तुझ्या तेलावर शून्य लावल्यावर सहज म्हणून जुन्या बाटलीतलं उरलेलं तेल यंत्राला दाखवलं. झिंक आलं उणे अकरा. उणे. म्हणजे ज्यात काहीच नाही त्यातून आणखी अकरा कमी. मी तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. काही नसण्यापेक्षा कमी कसं असू शकतं, हे मला कोणी सांगेना. साहेब म्हणाले, तळाचा गाळ आहे, फेकून दे. फेकलं. तसंही अहवालात उणे आकडा छापतच नाहीत, यंत्र तिथे शून्य लिहितं.

बोटीच्या तेलात झिंक एक आलं. म्हणजे छान आहे.

चिंगी


२८ मे

दादा,

एवढे दिवस पत्र नाही, रागावू नकोस. तुझा डबा तळाला लागला. एक छोटी बाटली भरून कपाटात ठेवलीय, तेवढीच. साहेब म्हणतात, घरचं तेल असताना बाहेरचं कशाला. आणखी पाच लिटर पाठवशील?

इकडे सगळं ठीक. बोटीवरचा जुना इंजिनवाला एप्रिलमध्ये निवृत्त झाला, मेपासून नवा आलाय. फार शांत माणूस. तेलाची बाटली आणून देतो, वहीत दोनदा तारीख तपासतो आणि जातो. बोटीचं झिंक अजून एकावरच आहे.

चिंगी


१२ जून

चि. चिंगी,

डबा पाठवला आहे. मिळाल्याचं कळव.

दादा


२४ जून

दादा,

तुझं दोन ओळींचं पत्र वाचून मला वाटलं तू रागावलायस. रागावला असशील तर नंतर भांडू. आत्ता माझं डोकं चालेनासं झालंय.

नव्या डब्यावर शून्य लावलं आणि बोटीचं तेल तपासलं. झिंक बारा. पाच महिने एक, आणि एकदम बारा. मी पुन्हा केलं, बारा. नियमाप्रमाणे कळवलं. बोट उभी राहिली आणि त्याच दिवशी इंजिनवाल्याला घरी बसवलं. बोटीच्या ऑफिसचं म्हणणं असं, की जुना माणूस होता तोवर एक, हा आल्यावर बारा, म्हणजे यानेच कुठलं तरी साधं इंजिन ऑइल ओतलं. तो म्हणतो मी ओतलं नाही. चौकशी लागलीय.

तो काल आमच्याकडे आला होता. भांडला नाही. यंत्राकडे बघत बाकावर बसून राहिला आणि मला एवढंच विचारलं, की बाई, आकडा चुकू शकतो का? मी नाही म्हणाले. तो गेल्यावर मला तुझा डबा दिसला.

म्हणून विचारते, आणि खरं सांग. दुसऱ्या डब्यात काही वेगळं झालं का? आमचं बाकीचं काहीच बदललेलं नाही. बसच्या तेलात झिंक नऊशे-हजार असतं, तिथे अकरा इकडेतिकडे झालेलं कळतही नाही. बोटीलाच कळतं. त्या माणसाची नोकरी माझ्या एका आकड्यावर टांगलीय, दादा.

चिंगी


१ जुलै

चि. चिंगी,

तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो. दुसरा डबा धुतलेला नव्हता.

एप्रिलपासून मी टाक्यांवर नाही. गुडघ्यामुळे मला गेटवर बसवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. तुला कळवलं नाही, वहिनीलाही पंधरा दिवस सांगितलं नव्हतं. तुझं पत्र आलं तेव्हा साहेबांची परवानगी पुन्हा मिळाली, पण धुण्याच्या जागेत मला कोणी जाऊ देईना. म्हणे, तुम्ही आता या खात्यात नाही. मग भांडारातून कोरा डबा घेतला आणि पाळीवरच्या माणसाने तो तसाच टाकीच्या नळाखाली धरला. मी दारात उभा राहून बघत होतो. न धुतलेला डबा मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पाठवला, तोही तुझ्याकडे. म्हणून पत्रात काही लिहायला सुचलं नाही.

त्या माणसाला माझ्या आळसाची शिक्षा नको. दुसरा डबा फेकून दे. पहिल्या डब्याची मी शपथेवर खात्री देतो.

तुझा,
दादा


९ जुलै

दादा,

तुझं पत्र वाचून आधी रडू आलं आणि मग सुटल्यासारखं वाटलं. गेटचं तू मला सांगायला हवं होतंस. पण त्यावर नंतर.

कपाटातली छोटी बाटली काढली, पहिल्या डब्यातली. तिच्यावर शून्य लावून बोटीचं तेच तेल पुन्हा तपासलं. झिंक एक. मी बोटीच्या ऑफिसला लेखी कळवलं की मागचा आकडा डब्याच्या दोषामुळे आला होता, तेल चांगलं आहे. बोट परवापासून सुरू झाली. इंजिनवाला अजून घरीच आहे, कारण चौकशीचे कागद एकदा निघाले की त्यांना परत यायला वेळ लागतो. पण येईल तो.

दुसरा डबा बाजूला ठेवलाय, साहेबांनी त्यावर लाल फुली मारली. आता आमच्या वहीत नोंद करायची आहे की यापुढे डबा कसा धुवावा. तू दोन ओळींत पद्धत लिहून पाठव. रॉकेलने धुतोस का साबणाने?

चिंगी


१५ जुलै

चि. चिंगी,

साबणाने डबा धुतात हे मी कोणाला सांगितलं तर गेटवरूनही काढतील. पाणी हा तेलाचा शत्रू, आणि रॉकेल पत्र्याला वास लावतं. दोन ओळींत मावणार नाही, नीट लिहितो, तशीच वहीत उतरव.

एक लिटर तयार इंजिन ऑइल घ्यायचं. आमचं सगळ्यात चांगलं, पहिल्या प्रतीचं. हलकं घ्यायचं नाही. कोमट करायचं. डब्यात ओतून, झाकण लावून, डबा आडवा धरून सगळीकडून फिरवायचा. मग उपडा करून निथळायचा. त्यात धूळ, गंज, पत्र्याचा कचरा सगळं निघून जातं. एकदा पुरतं, मी तुझ्यासाठी तीनदा केलं, दर वेळी नवं तेल घेऊन. कडेला थोडं राहतं, पण ते चांगल्याच तेलाचं असतं, त्याने अपाय नाही. मला शिकवणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. आमच्याकडून बाहेर गेलेला एकही नमुना या धुण्याशिवाय गेलेला नाही.

माणूस कामावर आला का ते कळव.

तुझा,
दादा


१८ जुलै

दादा,

तुझं पत्र आज अकरा वाजता आलं. मी उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसले.

तयार इंजिन ऑइलमध्ये झिंक असतं, दादा. अकराशेच्या आसपास. पाच लिटरच्या डब्याच्या कडेला पाव वाटी राहिलं तरी सगळ्या डब्यात अकरा होतं. तुझा पहिला डबा कोरा नव्हता. न धुतलेला होता तोच कोरा.

मी अकराला शून्य समजत होते. म्हणून बोटीचे खरे बारा मला एक दिसत होते. ते उणे अकरा गाळाचं नव्हतं, त्या बाटलीत खरंच काही नव्हतं. आणि मी यंत्र तपासायचं तेलसुद्धा तुझ्याच डब्यातलं घालून बनवत होते, त्यामुळे प्रत्येक तपासणीत सगळं जुळत होतं.

मी आधी बोटीच्या ऑफिसला फोन करून इंजिन बंद करायला लावलं. मग फळीवरून जानेवारीअखेरची, तुझ्या डब्यावर तपासलेली पहिली बाटली काढली. सहा महिने आम्ही नमुने ठेवतो. लाल फुलीवाल्या डब्यावर शून्य लावलं आणि तपासलं. बारा. झिंक जानेवारीपासूनच होतं. कोणी घातलं ते ऑफिसने शोधावं, पण तो माणूस मेमध्ये आला.

दुपारी इंजिन उघडलं. बेअरिंगची चांदी काळी पडलीय, सुटलेली नाही. अजून महिनाभर चाललं असतं तर सुटली असती, असं त्यांचा मिस्त्री म्हणाला. बोट माणसांनी भरून जाते रोज.

वाटलं, निदान त्या माणसाचं तरी आता निस्तरलं. तर ऑफिसात कळलं की त्याने जुलैच्या पहिल्या आठवड्यातच, माझं पत्र पोचायच्या आधी, लिहून दिलंय, 'माझ्याकडून नजरचुकीने दुसरं तेल पडलं असावं.' लिहून दिलंस तर काढणार नाहीत, खालच्या कामावर ठेवतील, असं कोणीतरी त्याला सांगितलं. आता ते म्हणतात, तो स्वतः कबूल करतोय, तुम्ही कशाला मध्ये पडता? आणि तुम्ही आधी म्हणालात आकडा बरोबर, मग म्हणालात दुसरा डबा खराब, आता म्हणता पहिला. आम्ही नेमकं काय धरायचं? त्यांचंही चुकत नाही. मलाही काल काय खरं होतं ते सांगता येईना.

आमचे साहेब म्हणतात, 'तांत्रिक कारण' असं लिहून सगळं गुपचूप मागे घेऊ. तांत्रिक कारणाने त्या माणसाचा कागद फाटणार नाही. तो फाटेल तुझ्या पंधरा जुलैच्या पत्राने. त्यात तुझ्या अक्षरात डबा कसा धुतला ते आहे. पण मग ते तुमच्या कारखान्यात जाईल. तू सप्टेंबरात निवृत्त होतोयस. लोक विचारतील, एकतीस वर्षं बाहेर गेलेल्या नमुन्यांचं काय?

तू नको म्हणालास तर मी दाखवणार नाही, दुसरं काही शोधेन. काय ते मला माहीत नाही. माझे जानेवारीपासूनचे त्रेसष्ट अहवाल मी मागे घेतेय, ते मात्र ठरलं.

चिंगी


२७ जुलै

चिंगी,

तुझ्या पत्राला मी दोन दिवस उत्तर लिहीत होतो. पहिलं लिहिलं ते फाडलं. त्यात होतं की तुझं यंत्र बिघडलंय, तू लहानपणापासून घाईची, आणि आमच्या मिस्त्रींना नावं ठेवणारी तू कोण. वहिनीने विचारलं, कोणाशी भांडताय? मी म्हटलं, कोणाशी ते कळत नाहीये.

मग मी आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये गेलो. गेटवरच्या माणसाला तिथे काय काम, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक डबा धुतो, तपासा. माझ्याच हाताने तीनदा धुतला, कोरं तेल भरलं. झिंक अकरा. त्यांनी मला आकडा दाखवला, आणि मी इतका वेळ तिथेच उभा राहिलो की त्यांनी खुर्ची दिली.

हे डबे ट्रकसाठी, पंपांसाठी जायचे. त्यांना अकराने काही होत नव्हतं. म्हणून कोणाला कधी कळलं नाही, आणि मला वाटत राहिलं की माझ्यासारखा डबा कोणी धूत नाही. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं.

पत्र दाखव. नाव झाकू नकोस. बोटीच्या ऑफिसला मी वेगळंही लिहिलंय, लॅबचा कागद जोडून. आमच्या साहेबांना तोंडाने सांगितलं. ते म्हणाले, धुण्याच्या जागेवर नवीन सूचना तुम्हीच लिहा. लिहिली. पाळीवरची माणसं वाचून माझ्याकडे बघत होती.

त्या माणसाला माझा नमस्कार सांग. मी आलो असतो, पण येऊन काय बोलू ते सुचत नाही.

दादा


५ ऑगस्ट

दादा,

काल चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे मी आणि इंजिनवाला. मी तुझी दोन्ही पत्रं वाचली, पंधरा जुलैचं आणि ऑफिसला लिहिलेलं. तीनदा धुतल्याचं आलं तेव्हा तिघांतला एक हसला, मग कारखान्याच्या लॅबचा कागद बघून थांबला. जानेवारीची बाटली मी टेबलावर ठेवली. त्यांनी आपसात पुष्कळ बोलून घेतलं. शेवटी त्याचा कबुलीचा कागद रद्द केला, पगारासकट कामावर परत घेतलं. पुढच्या सोमवारपासून तो बोटीवर आहे.

मला सहा महिने यंत्राला हात लावायचा नाही. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. ते योग्यच आहे. तू गेटवर, मी चिठ्ठ्यांवर, आपल्या घराण्याचं बरं चाललंय.

पण सांगायचं ते वेगळंच. सगळे उठले तरी तो बसून होता. मी तुझा नमस्कार सांगितला, माफी मागितली. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. मग म्हणाला,

"म्हणजे मी ओतलं नव्हतं?"

मी म्हटलं, नाही. त्याने पुन्हा तेच विचारलं. मग हळूहळू सांगायला लागला. घरी बसल्यावर बायको रोज विचारायची, खरं काय ते मला तरी सांगा. ऑफिसचे लोक म्हणायचे, आठवा जरा. तो आठवायला बसायचा. पहिल्या आठवड्यात काही आठवेना. दुसऱ्या आठवड्यात त्याला एक डबा आठवायला लागला. हिरवा, एका बाजूने चेपलेला. मग तो उचललेला आठवला, झाकण उघडलेलं आठवलं. त्याने लिहून दिलं ते नोकरीसाठी नव्हतं, दादा. त्याला खरंच वाटत होतं की त्याने ओतलं.

"तो डबा मला अजून दिसतो, बाई," तो म्हणाला. "आता त्याचं काय करू?"

मी परत माफी मागितली. तो म्हणाला, माफी राहू द्या, मला लिहून द्या. मी म्हटलं, ऑफिसचं पत्र येईल. तो म्हणाला, ऑफिससाठी नको, मला घरी ठेवायला पाहिजे.

मी माझ्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'बोटीच्या तेलात झिंक तुम्ही घातलेलं नाही.' खाली सही केली, तारीख घातली. त्याने ते ओठ हलवत वाचलं, संपवून परत पहिल्यापासून वाचलं. मग कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "शिक्का पण मारा."

शिक्का प्रयोगशाळेत होता. आम्ही दोघं चालत तिथपर्यंत गेलो आणि मी मारून दिला.

तुझी,
चिंगी